तिला माहीत असलेला पत्ता

७ जानेवारी

लेखिकाबाई,

मायन्यात काय लिहावं यात दोन कागद वाया गेले, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर प्रकाशकाचा छापलाय, त्यावर पाठवतेय. त्यांनी फोडून वाचलं तर वाचोत, माझं आता काही जात नाही.

मी चष्म्याचं दुकान चालवते. खाली दुकान, वर राहायची खोली. एक गिऱ्हाईक तुमची कादंबरी काउंटरवर विसरून गेलं. नवा वाचायचा चष्मा तपासायला मला बारीक छपाईचं काहीतरी लागतंच, म्हणून उघडली, आणि मग दोन दिवस गिऱ्हाइकांकडे धड बघितलंसुद्धा नाही. त्यातल्या दोघी तुम्ही शिक्षिका दाखवल्यात. ठीक आहे, धंदा बदललात. पण घरात कोणी स्वतःचा चष्मा स्वतः पुसायचा नाही, एकीचा दुसरीने पुसायचा, हे कुठून आणलंत? अबोला असला तरी पुसायचा, तोंड फिरवून का होईना पण पुसायचा, हेही लिहिलंय तुम्ही. हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. एक मी. दुसरी माझी भागीदारीण. तिने माझ्याबरोबर एकोणीस वर्षं या दुकानात काचा घासल्या आणि वरच्या खोलीत माझ्या शेजारी झोपली. लोकांसाठी भागीदारीण. तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अकरा वर्षांपूर्वी ती एका गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला म्हणून गेली ती परत आली नाही. चष्मा मात्र पोचला होता. आठवड्याने कार्ड आलं, 'मी सुखरूप आहे, शोधू नकोस.' बस्स. का गेली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता ऐका. भाचा मागे लागलाय, 'मावशी, दुकान आवर आणि आमच्याकडे राहायला ये, एक खोली रिकामीच आहे.' पोरगा भला आहे. पण या दुकानाखेरीज माझा दुसरा पत्ता तिला माहीत नाही. उद्या ती आली आणि इथे मोबाईलची कव्हरं विकणारा बसलेला दिसला तर काय करेल? म्हणून विचारते. ती तुम्हाला भेटली असणार, तिनेच हे सांगितलं असणार. कुठे आहे ती? यायची असेल तर मी थांबते. नसेल तर भाच्याला हो म्हणून टाकते.

चष्मेवाली


२१ जानेवारी

आदरणीय बाई,

तुमचं पत्र प्रकाशकांनी न फोडता पाठवलं. ते माझी पुस्तकंही फारशी उघडत नाहीत, तेव्हा काळजी नसावी.

पत्र वाचून मला गलबलून आलं, पण माझ्याकडून तुम्हाला मदत होईल असं वाटत नाही. कादंबरीतल्या दोघी मी मनाने रचल्या आहेत. मला कोणीही काहीही सांगितलेलं नाही. असं पूर्वीही झालंय. एका गृहस्थांनी लिहून विचारलं होतं की मी त्यांच्या बायकोला कुठे भेटले. एका बाईंनी तर वकिलाची नोटीस पाठवते म्हणून दम भरला होता. माणसांची घरं आतून बरीचशी सारखी असतात, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

माझं म्हणाल तर दिवसा मी एका कंपनीसाठी पंखे आणि कपडे धुण्याची यंत्रं यांची माहितीपत्रकं लिहिते. 'ओल्या हाताने बटण दाबू नये' हे माझं सर्वांत जास्त छापलं गेलेलं वाक्य आहे. उरलेल्या वेळात कादंबऱ्या. सात झाल्या, सगळ्या बायकांच्या बायकांवरच्या प्रेमाच्या. पहिली आली तेव्हा पुस्तकवाले ती खालच्या फळीवर, वह्यांच्या मागे ठेवायचे. आता समोर काचेत ठेवतात, अधूनमधून बक्षीसही मिळतं.

तुमच्या भागीदारीणबाई असतील तिथे सुखी असोत. भाचा भला आहे असं तुम्हीच म्हणता. त्याचं ऐकावं असं मला वाटतं.

आपली,
लेखिका


३० जानेवारी

लेखिकाबाई,

ओल्या हाताने बटण दाबू नये हे मी तुमच्या जन्माआधीपासून पाळतेय. मला पंख्याची माहिती नकोय.

तुम्ही तिला शब्द दिलाय हे मी ओळखलं. तिचा स्वभावच तो. साधी गोष्ट सांगायची तरी आधी शपथ घालणार. शब्द मोडा असं मी म्हणत नाही. पण मलाही कळतं हो. पुस्तकात दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत एकाच घरात राहतात. जिना चढताना एक दुसरीच्या पाठीला हात लावते आणि म्हणते, 'पडलीस तर माझ्यावर पड.' ते पान वाचलं आणि मी शटर अर्धं खाली ओढून बसून राहिले. आमचं जे झालं नाही ते तुम्ही लिहिलंत. कोणी सांगितल्याशिवाय कशाला लिहाल? असं व्हायला हवं होतं असं तिला वाटत असणार. मला तरी दुसरा अर्थ लागत नाही.

पत्ता राहू दे. एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. ती तुम्हाला भेटली का? हो किंवा नाही, एवढंच कार्डावर लिहून पाठवलंत तरी चालेल. भाच्याला मी थोड्या दिवसांत सांगते म्हटलंय. त्या खोलीवर त्याच्या सासूचाही डोळा आहे.

चष्मेवाली


१० फेब्रुवारी

बाई,

हो. भेटल्या.

दोन वर्षांपूर्वी, एका बसस्टँडवर. बसचा पत्ता नव्हता आणि आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. माझा चष्मा मळलेला पाहून त्यांनी न विचारता तो माझ्या नाकावरून काढून घेतला, रुमालाने पुसला आणि परत दिला. त्यावरून बोलणं निघालं. नाव त्यांनी सांगितलं नाही, दुकानाबद्दल सांगितलं, तुमच्याबद्दल सांगितलं. तुमच्याविषयी बोलताना त्या हसत होत्या. तुम्हाला विसरलेल्या नाहीत. पुस्तकाच्या शेवटाबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर आहे.

त्या कुठे असतात हे न सांगण्याचा शब्द मी दिला आहे. याहून जास्त विचारू नका.

लेखिका


१७ फेब्रुवारी

अगं बाई,

आता तुला अहो-जाहो करणं जमायचं नाही. मी सदुसष्टची, तू लहानच असशील, चालवून घे.

तुझं पत्र काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा बांधून दिला. तो कोपऱ्यावर जाऊन परत आला, म्हणाला, 'बाई, मला अचानक सगळं मोठं दिसायला लागलंय!' मी म्हटलं, मलाही.

भाच्याला नाही म्हणून कळवलं. तो म्हणतो, 'मावशी, तुझं डोकं फिरलंय.' म्हटलं, फिरलं तर फिरलं, माझ्याच मानेवर आहे ना? दुकानाला रंग काढला. पाटीवरची अक्षरं पुन्हा गिरवून घेतली. लांबून दिसायला हवीत, तिची लांबची नजर पहिल्यापासून कच्ची.

सोबत डबी आहे, तिच्यात तिचा चष्मा. जुना नंबर माझ्या डोक्यात आहेच, वयाप्रमाणे वाढला असेल तेवढा अंदाजाने वाढवलाय. फ्रेम हलकी घेतली, जड फ्रेमने तिच्या नाकावर वळ उठायचे. पत्ता मला सांगू नकोस, तूच पाठव.

आता तुझं सांग. मला विचारायला लाज वाटत नाही. तुझी ती कोण? काय करते? पुस्तकातलं घर इतकं भरलेलं आहे की वाचताना आत कोणीतरी भांडी लावतंय असं वाटतं. तुमच्याकडे आधी कोण उठतं? चिडकी कोण, तू की ती?

तुझी चष्मेवाली


२२ मार्च

अगं,

चष्मा बसला का तिला? महिना होऊन गेला. नंबर चुकला असेल तर तसं कळव, काचा बदलून देईन. मी पाठवला म्हणून रागावली का? का पोचलाच नाही?

तू आजारी नाहीस ना? सगळे प्रश्न कार्डावर मावत नाहीत, म्हणून थांबते.

चष्मेवाली


५ एप्रिल

बाई,

डबी या पत्राबरोबर परत पाठवते आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं. बसस्टँड, बाक, रुमाल, यातलं काहीच झालं नाही. तुमच्या भागीदारीणबाई मला कधीही भेटलेल्या नाहीत. माझं पहिलं पत्र खरं होतं.

का केलं ते सांगते. तुमचं दुसरं पत्र आलं त्या दिवशी मला एक बक्षीस मिळालं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने मंचावरून विचारलं, 'तुमच्या जोडीदार आल्यात का? त्यांनाही वर बोलवू या.' सगळं सभागृह मान वळवून बघायला लागलं. मी म्हटलं, तिला बरं नाही. तर टाळ्या पडल्या, तिला लवकर बरं वाटावं म्हणून! घरी आले, कुलूप काढलं, शाल-श्रीफळाऐवजी हल्ली देतात ती काचेची ढाल फ्रिजवर ठेवली आणि तुमचं पत्र उघडलं. तुम्ही 'हो किंवा नाही' विचारत होतात. मी चार-पाच दिवस 'नाही'च लिहीत होते. मग एक दिवस 'हो' लिहिलं, आणि पुढचं सवयीने आपोआप आलं.

माझी ती कोणी नाही. कधीच नव्हती. तरुणपणी एक मुलगी फार आवडायची. तिला ते सांगायच्या आत तिचं लग्न ठरलं आणि त्या लग्नात मी पाहुण्यांना पाणी देत फिरले. मग आईचं दुखणं, मग नोकरी, मग वय. पहिलं पुस्तक आल्यावर दादा-वहिनींनी येणंजाणं बंद केलं. मी कोणाबरोबर तरी राहते आणि घराण्याला काळं फासते अशी त्यांची समजूत आहे. मी कोणाबरोबर तरी राहते आणि सुखात आहे अशी वाचकांची समजूत आहे. दोघांनाही मी आजवर खरं सांगितलेलं नाही, कारण खरं सांगण्याइतकं माझ्याकडे काही नाही.

चष्म्याचं कुठून आणलं विचारलं होतंत. एकट्या माणसाचा चष्मा मळला तर त्याला कोणी सांगत नाही. मी कधीकधी दोन-दोन दिवस तशाच काचांतून बघत असते आणि वाटतं, डोळेच बिघडले. त्यावरून सुचलं. घरात जे नव्हतं ते मी लिहीत गेले.

तुम्ही भाच्याला नाही म्हणालात हे वाचलं तेव्हाच मी हे लिहायला हवं होतं. त्याला अजून हो म्हणता येत असेल तर कृपा करून म्हणा.

लेखिका


२८ जून

लेखिकाबाई,

डबी मिळाली. पत्रही मिळालं. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. तुमचं पुस्तक रद्दीत टाकलं, रद्दीवाला येईपर्यंत दोनदा बाहेर काढलं आणि शेवटी ठेवलं.

खोली गेली. भाच्याच्या सासूबाई पलंगासकट येऊन बसल्या. तो आता फोन करतो तो माझं डोकं ठिकाणावर आहे का हे बघायला. शटर वर करताना रस्त्याच्या टोकापर्यंत नजर टाकायची माझी सवय इतक्या वर्षांत जरा कमी होत आली होती. ती तुम्ही परत लावलीत. एवढं तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. जिने कोणाबरोबर चार दिवस संसार केला नाही तिने माझा संसार लिहिला! आधी संताप आला, मग हसू आलं, मग तुमची दया आली. चुका आहेत हं, नाहीत असं नाही. तुमच्या दोघी भांडल्या की उपाशी झोपतात. कोणी सांगितलं? आम्ही भांडलो की आधी पोटभर जेवायचो आणि मग उरलेलं भांडायचो. आणि रोज एकमेकींच्या डोळ्यांत बघत बसायला वेळ कोणाला असतो? निम्मा जन्म पाण्याची मोटर कोणी बंद करायची यात जातो.

आता मुद्दा. मला तुमच्याकडून एक काम करून हवंय आणि ते तुम्ही नाही म्हणायचं नाही. फेब्रुवारी आणि मार्च मी सुखात होते. खोट्यावर का असेना, सुख खरं होतं. तर मला तिचं एक पत्र लिहून द्या. तिच्याकडून मला. ते तुमचं आहे हे मला माहीत असेल, मी काही वेडी नाही. त्यात ती का गेली ते लिहा. कारण कसलंही चालेल. मी तापट आहे, मी घोरते, मी कोणाचं ऐकून घेत नाही, खुशाल माझ्या माथी मारा. पण काहीतरी कारण असू द्या. एकदा ते वाचलं की मी वाट बघणं सोडेन. तुम्हाला काय अवघड आहे, तुमचा धंदाच तो.

चष्मेवाली


९ ऑगस्ट

बाई,

जमलं नाही. इतके दिवस लागले ते त्यामुळे.

पहिल्या खर्ड्यात मी तिला घाबरट केलं. लोक बोलायला लागले म्हणून ती गेली, असं. पण जी बाई एकोणीस वर्षं भर रस्त्यावरच्या दुकानात तुमच्या शेजारी बसली ती लोकांना एवढी कशाला भिईल? फाडला. दुसऱ्यात तिला दुसरी कोणीतरी भेटवली. ती दुसरी मला चार ओळींतच कंटाळवाणी वाटायला लागली. तिला तुमच्यासारखं बोलताच येईना. तिसऱ्यात तुमचा तापटपणा घेतला. पण तुमचं रागाचं पत्र माझ्या समोरच होतं, आणि ते मी किती वेळा वाचलंय हे सांगितलं तर तुम्हीच संकोचाल. त्या रागापायी कोणी घर सोडणार नाही. शेवटी घोरण्यावर आले. लिहायला घेतलं आणि वाटलं, पलीकडून कोणाचं तरी घोरणं ऐकू यावं म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं.

सात कादंबऱ्यांत मी बायकांना एकमेकींपासून तोडलंय, मारलंय, बोटीत घालून परमुलखात पाठवलंय. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. इथे तिला जिना उतरायला लावते, चष्म्याचं पाकीट हातात देते, कोपऱ्यापर्यंत नेते, आणि तिथे माझं लिहिणं अडतं. ती मागे वळते. कसंही लिहा, ती मागे वळते आणि दुकानात येऊन बसते.

तुम्हाला सोडून कोणी का जाईल हे मला सुचत नाही, बाई. विचार करकरून सुचत नाही. असलं वाक्य मी पुस्तकाबाहेर कोणाला पहिल्यांदाच लिहिते आहे, त्यामुळे ते नीट झालंय की नाही तेही कळत नाही.

तुमचं काम मी केलेलं नाही. पुन्हा रागावा. पण गप्प बसून रागावू नका, लिहून रागावा.

लेखिका


२ सप्टेंबर

अगं,

पत्र तिचं मागितलं होतं, आलं तुझं. वाचून पोटभर रडले. इतकी वर्षं मी माझं काय चुकलं तेच शोधत होते. दुसऱ्या कोणीतरी बसून शोधलं आणि सापडत नाही म्हणून सांगितलं, एवढ्याने माझं भागलं. तू वाईट लेखिका असशील तर अस.

दुकान दिलं. शेजारच्या औषधवाल्याला गोदाम हवंच होतं. काचा घासायचं यंत्र नव्याने धंद्यात पडलेल्या एका मुलीला दिलं, ती दर दोन दिवसांनी काहीतरी विचारायला येते. भाच्याकडे जात नाही. त्याच्या सासूबाई आणि मी एका खोलीत म्हणजे रोज पंचांना बोलवावं लागेल. दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली. तळमजला, पुढे ओटा, मागे मोरी. अजून परकी वाटते. कप ठेवला तरी केवढा आवाज होतो, आणि ऐकायला मी एकटीच असते.

घर बदललं की पोस्टात जाऊन सांगायचं असतं, माझं टपाल नव्या घरी पाठवा म्हणून. मी गेले होते. खिडकीपाशी माझा नंबर आला, पोस्टाच्या बाईने कागद पुढे केला. मी म्हटलं, नको, राहू दे. जुन्या पत्त्यावर आता काही आलं तर ते आल्या वाटेने परत जाईल.

नवा पत्ता खाली लिहिला आहे. भाच्याखेरीज कोणाला दिलेला नाही. तिला तो माहीत नाही. तुला माहीत असावा.